अर्ध्या बोटाचा फरक

१

जुन्या मोटरसायकलींच्या बाजारात त्याला सगळे चारबोटे म्हणायचे. हे काही त्याचं आडनाव नव्हतं, आणि हाताला बोटंही पाचच्या पाच होती. पण पट्टी, टेप सगळं खिशात असताना हा माणूस आधी बोटं घालून मोजायचा. चेन किती सैल आहे? दोन बोटं. क्लचचा दांडा किती मोकळा? पाव बोट. मागाहून पट्टी लावली की नेमकं तेवढंच निघायचं, म्हणून लोक हसायचे आणि हसून झालं की गाडी त्याच्याकडेच टाकायचे.

शाळा त्यानं सातवीत सोडली. धंदा शिकला तो फसता फसता, आणि त्यातून एक नियम काढला: मालातला दोष आपणच आधी सांगायचा. एकदा चौकटीला तडा गेलेली गाडी विकायला होती, तर यानं तड्याभोवती खडूनं ठळक गोल काढून ठेवला. बायको म्हणाली, "आता तेवढा स्वतःच्या कपाळावरही काढा." गाडी तिसऱ्या दिवशी गेली. एक दोष उघड दाखवणारा माणूस बाकीचे लपवणार नाही, असं गिऱ्हाईक धरून चालतं. हा प्रामाणिकपणा होता की हुशारी, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

एका सकाळी त्याच्याकडे कंपाउंडर आला. औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं पुड्या बांधून निवृत्त झालेला, वाळका, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावणारा माणूस. त्याची मोटरसायकल त्याच्याच वयाची वाटावी अशी होती, पण आवाज असा की डोळे मिटून ऐकत बसावं.

"हिला साईडकार बसवायची आहे," तो म्हणाला. "बहिणीसाठी."

बहीण मोठी, इस्पितळात नर्स होती. दोघांनीही लग्न केलं नव्हतं, एकाच घरात राहायची. तीस वर्षं याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून ती कामाला गेली आणि परत आली. मग झटका आला आणि डावी बाजू गेली.

"टॅक्सीनं न्या की," चारबोटे म्हणाला. स्वतःचं गिऱ्हाईक घालवणारं बोलणं त्याला आवडायचं.

"बंद गाडीत तिचा जीव घुसमटतो. दोनदा नेलं. दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत."

"चाकाची खुर्ची?"

"ती म्हणते, मी तीस वर्षं लोकांना ढकललंय, मला कुणी ढकलायचं नाही." कंपाउंडरनं हातातली किल्ली उलटसुलट केली. "चौदा महिने झाले, खोलीबाहेर पडलेली नाही. जेवण निम्म्यावर आलंय. बोलणं त्याहून कमी. डॉक्टर म्हणतात तब्येत ठीक आहे. ठीक असलेलं माणूस असं दिवसेंदिवस विझत जातं का हो?"

चारबोटे उठला आणि दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन त्यानं एका ताडपत्रीचं टोक उचललं.

२

साईडकार त्याच्याकडे अकरा वर्षं पडून होती. एक जुनं गॅरेज मोडीत निघालं, तेव्हा भंगारासकट घेतलेली. होडीच्या आकाराची, गडद हिरवी, बैठक एका माणसाला ऐसपैस आणि दोघांना अडचणीची. तिघाचौघांनी बघितली होती. सगळे "बघू, सांगतो" म्हणून गेले आणि कुणी काही सांगितलं नाही.

"तळाचा पत्रा गंजलाय, तो मी बदलून देतो," चारबोटे म्हणाला. "समोरच्या काचेला चीर आहे, ती तशीच राहील. बाकी काही दोष नाही."

कंपाउंडरनं बैठकीवरून हात फिरवला. "मऊ आहे," तो म्हणाला, आणि एवढ्यावर सौदा झाला.

साईडकार बसवायची म्हणजे चार ठिकाणी बोल्ट आवळले की झालं, असं लोकांना वाटतं. तसं केलं तर गाडी हातात राहत नाही. चाकांच्या दोन्ही बाजूंना लांब सरळ फळ्या टेकवायच्या. पुढच्या टोकांमधलं अंतर मागच्यापेक्षा पाऊण इंच कमी पाहिजे. मोटरसायकल उभी सरळ नको, साईडकारपासून बाहेरच्या बाजूला किंचित झुकलेली हवी. आणि हे सगळं कुणाच्या वजनाला ठरवायचं, ते आधी माहीत पाहिजे. शेजारी बसणारा जड असला की गाडी त्याच्याकडे ओढते. म्हणून चारबोटे वाळूच्या पिशव्या ठेवायचा, बसणाऱ्याच्या वजनाच्या. बहिणीचं वजन चव्वेचाळीस किलो, कंपाउंडरनं ग्रॅमसकट सांगितलं होतं.

दोन दिवसांत काम झालं. पिशव्या ठेवण्याआधी त्यानं सवयीनं बोटं घातली, साईडकारचं अंग आणि खालचा सांगाडा यांच्या मधल्या फटीत. चार बोटं. नवीन स्प्रिंग, रिकामी गाडी, अगदी बरोबर.

मग इंजिन एकदा चालवून बघावं म्हणून किक मारली. पहिल्या किकला गाडी चालू झाली. आणि त्या आवाजाखाली त्याला दुसरा एक आवाज आला. स्प्रिंगची बारीकशी कुरकुर, जुन्या खाटेवर कुणी हळूच टेकल्यासारखी.

त्यानं वाकून बोटं घातली. चौथं बोट अर्ध्यावर अडलं.

इंजिन बंद केलं. उभा राहिला. दहा आकडे मोजण्याएवढा वेळ गेला, पुन्हा तीच कुरकुर झाली, आणि फट परत चार बोटं.

३

हादऱ्यानं बसत असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. इंजिनाचा हादरा सगळ्या सांगाड्यात जातो. मग त्यानं इंजिन बंद ठेवून दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवली. फट हलली नाही. स्प्रिंग काढून दुसऱ्या बसवल्या. किक मारली, कुरकुर, साडेतीन. बैठक उसवून आतला कापूस बाहेर काढला, ओल नाही, उंदीर नाही, काही नाही. बैठक शिवून परत बसवली.

मग त्याला आपल्याच डोक्याचा राग आला, आणि राग आला की तो मोजायचा. इंजिन बंद ठेवून त्यानं बैठकीवर एकेक पिशवी ठेवत नेली. फट साडेतीन बोटांवर आली तेव्हा बैठकीवर तेवीस किलो वाळू होती.

दुपारी त्यानं गाडी बाजारामागच्या मोकळ्या रस्त्यावर काढली. साईडकार डाव्या बाजूला असली आणि रिकामी असली की जोरात डावीकडे वळताना तिचं चाक उचलतंच. नवशिके यालाच घाबरतात. त्यानं वेग घेतला आणि वळवली. चाक रस्त्याला धरून राहिलं. जास्त वेग घेतला. तरी नाही. तिसऱ्यांदा त्यानं इतक्या बेतालपणे वळवली की स्वतः पडायचा, पण शेजारची रिकामी बैठक जमिनीला घट्ट होती.

परत आल्यावर बायकोला म्हणाला, "जरा बस. वजन बघायचंय."

"वाळू संपली का?"

"जिवंत वजन पाहिजे."

"किती ते विचारणार नसाल तर बसते."

त्यानं तिला बाजारातून एक फेरी मारून आणली. ती उतरली ती पदर सारखा करत, काही न बोलता. हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही. अवघडल्यासारखं वाटलं. अरुंद आहे हो बैठक."

"अरुंद? तुझ्या बाजूला आणखी वीतभर जागा होती."

"मग मला कोपर का लागत होतं?" ती म्हणाली, आणि मग स्वतःच हसून, "कडेचा पत्रा असेल," म्हणून आत गेली. चारबोटेनं जाऊन पत्रा बघितला. कडेला आतून जाड गादी होती. कोपर लागण्यासारखं तिथं काही नव्हतं.

४

दोष कळला की सांगायचा. आता हा दोष सांगायचा तरी कसा, या विचारात त्याचा एक अख्खा दिवस गेला. कंपाउंडरला सांगितलं तर तो त्याला वेड्यात काढेल, किंवा विश्वास ठेवून गाडी टाकून जाईल. दोन्हीत बहीण खोलीतच राहणार. शेवटी कंपाउंडर बाजारहाटाला बाहेर पडल्याचं बघून तो सरळ तिच्याकडेच गेला.

तळमजल्यावरची खोली. पलंग, औषधांचं कपाट, खिडकीशी खुर्ची. ती खुर्चीत बसली होती. डावा हात मांडीवर होता, कुणीतरी आणून ठेवलेल्या वस्तूसारखा. बोलणं सावकाश, पण स्पष्ट.

"तुम्ही गाडीवाले. बसा."

"बसत नाही, ताई. बोलतो आणि जातो. मालात दोष आहे."

आणि त्यानं सांगून टाकलं. फट, कुरकुर, न उचलणारं चाक, सगळं. सांगताना तो भिंतीकडे बघत होता. ती हसेल असं त्याला वाटलं होतं, किंबहुना हसावं असंच वाटत होतं.

"वजन किती म्हणालात?"

"तेवीस. किलोभर इकडंतिकडं."

ती विचार करत राहिली, तापाचा आकडा ऐकून नर्स करते तसा.

"सात वर्षांचं मूल," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "नाहीतर मोठं माणूस. शेवटच्या आठवड्यात तेवढंच उरतं."

खोलीत घड्याळ नव्हतं याचं चारबोटेला तेव्हा वाईट वाटलं. काहीतरी वाजायला हवं होतं.

"मी म्हणतो, ही नकोच. मी दुसरी शोधतो. सहा महिन्यांत मिळेल कुठून तरी."

"सहा महिने." तिनं खिडकीकडे मान वळवली. "इथून काय दिसतं, बघा. समोरची भिंत, दोन पाइप आणि एक दार. चौदा महिन्यांत ते दार एकदाही उघडलेलं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवलंय."

"भीती नाही वाटत?"

"वॉर्डात मी पुष्कळांजवळ बसले आहे. अगदी शेवटपर्यंत. एकटं जायला कुणालाच आवडत नाही, एवढंच मला त्यातून कळलं. बाकी कुणाला काही कळलं असेल तर मला माहीत नाही." तिनं आवाज खाली आणला. "माझ्या भावाला सांगू नका. लहानपणापासून भित्रा आहे. गाडी परत करील."

चारबोटे हलक्या मनानं बाहेर पडला. दोष सांगून झाला होता. कोपऱ्यावर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की सांगितला तो एकाला आणि लपवला दुसऱ्यापासून. असा सौदा त्यानं आजवर केला नव्हता.

५

गाडी त्यानं सदुसष्ट किलोला बसवून दिली. चव्वेचाळीस अधिक तेवीस. कंपाउंडरला हिशेब सांगितला नाही.

पहिल्या दिवशी दोघांनी मिळून तिला उचलून आत बसवलं. कंपाउंडरनं तपकिरी घोंगडी गुडघ्यांवर पसरली. ती सरकत सरकत उजव्या कडेला गेली, भावाच्या बाजूला, आणि डावीकडची बैठक मोकळी ठेवली.

"मध्ये बस ना, ताई. ऐसपैस."

"इथं बरं आहे. तू पुढं बघ."

किक बसली. स्प्रिंग कुरकुरली. तिनं मान डावीकडे वळवून जरा खाली बघितलं, शेजारच्या खाटेवरचा पेशंट जागा आहे का बघावं तसं, आणि हलकेच मान डोलावली. मग ते गेले. गाडी रेषेवर चालल्यासारखी सरळ गेली.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाचला ती दोघं धरणाच्या रस्त्यानं जायची. चारबोटेला ती दुकानासमोरून जाताना दिसायची. तिच्या गालावर आठवड्याभरात रंग आला. कंपाउंडर अधूनमधून बातम्या घेऊन यायचा, एखाद्या बापानं लेकराचं कौतुक सांगावं तसा.

"काल तिनं मला गाढव म्हटलं," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. "झटका आल्यापासून पहिल्यांदा."

"अभिनंदन," चारबोटे म्हणाला. "आमच्याकडे हे रोज असतं."

"दोन पोळ्या जास्त खाते. आणि तुम्हाला सांगतो, डाव्या हाताला काही म्हणता काही कळायचं नाही तिला. सुई टोचली तरी. आता म्हणते, हात गार लागतो. कुणी गार हातानं धरल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, उत्तम लक्षण आहे."

चारबोटेच्या हातातला पाना नटावर तसाच राहिला.

"घरीसुद्धा लागतो का गार?"

"आधी फक्त गाडीत लागायचा. आता घरीही." कंपाउंडर आनंदानं सांगत होता. "फक्त एक खोड लागलीय. घरात पलंगावरसुद्धा अंग चोरून एका कडेला झोपते. मी म्हणतो, अगं पडशील. तर म्हणते, झोप तू."

त्या दिवशी चारबोटेनं बायकोला विचारलं, तुला मेलेलं माणूस दिसलं तर काय करशील? ती म्हणाली, "आधी जिवंत माणसाला जेवायला बोलवीन, चला, ताट वाढलंय." त्यानं पुन्हा विषय काढला नाही. सांगायचं ते आपण सांगितलं आहे, असं तो स्वतःला म्हणत राहिला. ते खरंही होतं. पण खरं असून अंगाला लागत नव्हतं.

६

ती गेली ती सहा महिन्यांनी, एका दुपारी, खिडकीजवळच्या खुर्चीत, फिरायला जायचे कपडे करून. कंपाउंडर गाडी पुसून आत आला तेव्हा तिचा श्वास थांबलेला होता. डाव्या हाताची बोटं, जी झटक्यापासून मिटत नव्हती, ती मिटलेली होती. हे त्यानंच चारबोटेला सांगितलं, फारसा अर्थ न लावता.

वीस दिवसांनी तो गाडी घेऊन दुकानात आला. दाढी वाढलेली, गळ्याचं बटण उघडं. इंजिन चालूच ठेवून तो खाली उतरला आणि मोठ्यानं म्हणाला, "साईडकार काढून टाका. बघवत नाही."

"काढतो," चारबोटे म्हणाला. "तुम्हाला चालवायलाही जड जात असेल. रिकामी असली की गाडी उजवीकडे जाते. बसवलीच आहे वजनाला."

"उजवीकडे? नाही हो. होती तशीच चालते. सरळ."

चारबोटे साईडकारच्या चाकाशी आला.

"आणि डावीकडे वळताना? चाक उचलतं?"

"नाही. का?"

चारबोटे गुडघ्यांवर बसला आणि फटीत बोटं घातली. पहिलं गेलं, दुसरं गेलं. तिसरं अर्ध्यावर अडलं. सदुसष्ट किलोला बरोबर अडीच बोटं लागत होती, हे त्याला पाठ होतं. स्वतःच्याच पिशव्यांनी मोजलेलं.

त्यानं हात बाहेर काढला.

कंपाउंडर बोलत होता. "खरं सांगू? दुपारीच निघालो होतो तुमच्याकडे यायला. तीन तास फिरत राहिलो. कालही तेच, परवाही. गाडी चालू असते तोवर बरं असतं. घरी आलो की किल्ली फिरवायला हात जात नाही. बंद केली की मग..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "म्हणून म्हणतो, काढाच. एकदाचं संपू दे. बंद करू का इंजिन?"

"थांबा," चारबोटे म्हणाला.

७

तो उठताना क्षणभर त्याची नजर बैठकीच्या पातळीला आली. घोंगडी अजून तिथंच होती, कंपाउंडरला काढवली नसणार. रोज पसरायचा तशी नीट पसरलेली. आणि घोंगडीखाली उंचवटे होते. मधोमध दोन, चांगले ठळक, बसलेल्या बाईच्या गुडघ्यांएवढे. त्यांच्या डावीकडे आणखी दोन. ते बारीक होते, आणि टोकदार.

त्यानं डोळे मिटले नाहीत. धंद्यातल्या माणसाला माल बघताना डोळे मिटायची सवय नसते. इंजिनाच्या ठोक्यावर घोंगडी थरथरत होती आणि ते चारही उंचवटे थरथरत नव्हते.

मग तो पूर्ण उभा राहिला. वरून बघितलं तर घोंगडी होती, बैठक होती, काचेला चीर होती.

पाना त्याच्या हातात होता. चार जोड, अर्ध्या तासाचं काम. हे सुटं करून ताडपत्रीखाली परत ढकलायचं, आणि हा माणूस त्या भिंतीसमोरच्या खोलीत परत जाणार. चौदा महिन्यांत तिची काय गत झाली होती, ते याच्याच तोंडून त्यानं ऐकलं होतं. याला तर बोलायलाही कुणी नाही. आणि नाही काढलं, तर? तिलाही त्यानं असंच जाऊ दिलं होतं. ती सुखानं गेली की ओढली गेली, हे कोणत्या पट्टीनं मोजायचं?

"का हो?" कंपाउंडर म्हणाला. "काही दोष आहे का हिच्यात?"

चारबोटेनं त्याच्याकडे बघितलं. उघडं बटण, आत गेलेले गाल, आणि त्या प्रश्नात एक आशा. दोष आहे म्हणा आणि काढून टाका, अशी नव्हे. उलटी.

"नाही," चारबोटे म्हणाला. "काही दोष नाही. आणि मी ती आज काढत नाही. पुढच्या महिन्यात या. तेव्हाही वाटलं तर बघू."

कंपाउंडरचा चेहरा खुलला. त्यानं गळ्याचं बटण लावलं, हे चारबोटेला दिसलं. "मग एक फेरी धरणापर्यंत मारून येतो," तो म्हणाला. "पाच वाजतच आलेत."

तो गाडीवर बसला. बसता बसता हात लांब करून त्यानं घोंगडीची कड सारखी केली, न बघता, जशी सहा महिने करत आला होता. गाडी दुकानाबाहेर पडली आणि रस्त्याला लागली. सरळ, हँडलला कसलाही हिसका नाही.

तेव्हा कुठं मागून चारबोटेला दिसलं, की घोंगडी सगळीकडे उचललेली नव्हती. उजव्या कडेला, कंपाउंडरच्या मांडीच्या अगदी लगत, ती सपाट होती. नुसती सपाट नाही, हातानं दाबून सारखी केलेली. मधली बाई आत सरकली होती. एका माणसाची जागा तिथं मोकळी होती.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. रस्त्याच्या टोकाला डावं वळण होतं. कंपाउंडरनं वेग कमी न करता गाडी वळवली. चाक उचललं नाही. आणि वळता वळता त्याची मान साईडकारकडे झुकली, काही ऐकायला झुकावी तशी, आणि तो हसला. एवढ्या लांबूनही ते कळलं.

चारबोटेनं तोंड मिटलं.

बायको बाहेर येऊन म्हणाली, "काढायची होती ना ती? गेले कुठं?" त्यानं हातानंच तिला थांबवलं. इंजिनाचा आवाज लांब लांब जात होता, आधी बाजारापलीकडे, मग वस्तीपलीकडे, मग नुसता एक बारीक ठोका. तो दारात उभा राहून ऐकत राहिला. दिवे लागायची वेळ झाली, बायको दोनदा येऊन गेली. ठोका इतका बारीक झाला, की तो कानात आहे की छातीत, ते कळेना. पण थांबलेला मात्र त्याला ऐकू आला नाही.